डबा : एका बालरोगाचे नाव आणि सीमेवरची भाषा

मराठीत ‘डबा’ हा शब्द उच्चारला की नगरवासी वाचकाच्या डोळ्यांसमोर शिदोरी किंवा आगगाडी येते. परंतु वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील जुन्या पिढीला या शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. ‘लेकराला डबा झाला’ हे वाक्य ऐकले की घरातील वडीलधारी माणसे सावध होतात. तान्ह्या बाळाचा श्वास जलद होतो, बरगड्यांखाली खळगा पडू लागतो, पोट उडू लागते, बाळ दूध ओढीत नाही. अर्भकाच्या फुप्फुसाला सूज येऊन होणाऱ्या या विकाराला लोकभाषेने दिलेले हे नाव आहे. हिंदीत त्यालाच ‘डब्बा’, ‘हब्बा-डब्बा’ किंवा ‘पसली चलना’ म्हणतात.

हे नाव का पडले असावे? आजारात बाळाचे पोट फुगून डब्यासारखे ताठ होते, ही उपपत्ती सहज पटणारी आहे. तिला आयुर्वेदातील नावाचाही आधार मिळतो. बालरोगांवरील आयुर्वेदीय ग्रंथांत ‘उत्फुल्लिका’ नावाचा विकार आढळतो आणि पुढील टीकाकारांनी व पाठ्यपुस्तकांनी त्याची सांगड डब्बा रोगाशी घातली आहे. ‘उत्फुल्ल’ म्हणजे फुललेले, फुगलेले. म्हणजे संस्कृत आणि लोकभाषा या दोघींनीही रोगाचे नाव दिसणाऱ्या लक्षणावरून ठेवले. ‘न्यूमोनिया’ हा शब्द मात्र फुप्फुसवाचक ग्रीक शब्दापासून आला. तो न दिसणाऱ्या अवयवाकडे बोट दाखवितो. त्याला आपण ‘फुप्फुसदाह’ हा प्रतिशब्द घडविला.

येथे भाषेचा प्रश्न थेट जीविताला भिडतो. रोगाचे ठिकाण पोटात आहे असे नावच सुचवीत असेल, तर उपायही पोटावर होतो. तापलेल्या विळ्याने किंवा सळईने बाळाच्या पोटावर डाग देण्याची प्रथा मध्य भारतात अजून पुरती निमालेली नाही. २०२३ च्या आरंभी शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तीन महिन्यांच्या मुलीला ५१ डाग देण्यात आले आणि ती दगावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातून २२ दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याची वार्ता आली. एक घटना मध्य प्रदेशातील, दुसरी महाराष्ट्रातील. राज्याच्या सीमेने या प्रथेला अडविलेले नाही.

या प्रथेला परंपरेचा आधार आहे, असे म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचे सूत्रस्थान पाहावे. अग्निकर्माचा विधी सांगणाऱ्या सुश्रुताने अग्निकर्मास अपात्र व्यक्तींची गणनाही केली आहे. त्या यादीत दुर्बल, वृद्ध आणि भित्रा यांच्यासोबत ‘बाल’ स्पष्टपणे आला आहे. ज्याला शास्त्र म्हणून पुढे केले जाते, ते शास्त्रानेच निषिद्ध ठरविले आहे.

वैनगंगेच्याच खालच्या अंगाला गडचिरोलीत या रोगाशी लढण्याचा दुसरा मार्ग सिद्ध झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच आरोग्यसेवक व सुईणी यांना बाळाचे श्वास मोजण्यास आणि प्रतिजैविक औषध देण्यास शिकविले, आणि गावोगाव या रोगाविषयी लोकशिक्षण केले. आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचे साधन तयार केले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या ६१२ प्रसंगांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. हे घडले ते आईला समजेल अशा खुणांच्या आधारे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर विलंब न करता दवाखाना गाठावा, ही खूण आजही प्रमाण आहे.

आता बालाघाटचा विचार करू. १९५० च्या राजभाषा कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि १९५७ च्या कायद्याने राजभाषा केवळ हिंदी उरली. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात नोंदलेली येथील ‘मऱ्हेटी’ बोली घरात राहिली, कार्यालयातून आणि दवाखान्याच्या भिंतीवरून मात्र नाहीशी झाली. केंद्र शासनाने २०१९ मध्ये बालन्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ मोहीम आरंभिली. नाव सुबोध आहे. परंतु ज्या घरात या रोगाला डबा म्हणतात, तेथे ‘निमोनिया’ हा दुसराच कोणतातरी आजार वाटतो. न्यूमोनियासाठी डॉक्टर आणि डब्यासाठी डाग, अशी वाटणी मनात होते.

म्हणून मागणी साधी आहे. वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूर येथील आरोग्यफलकांवर ‘न्यूमोनिया म्हणजेच डबा’ ही ओळ मराठीत यावी. तिच्या जोडीला पोवारी व गोंडीतील शब्दही यावेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० अन्वये गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येते. तेव्हा हे निवेदन आपण मराठीतच लिहावे. लोकांच्या तोंडचा शब्द अडाणी म्हणून पुसून टाकल्याने प्रथा पुसली जात नाही. त्याच शब्दापुढे योग्य उपाय लिहिला, तर भाषाही टिकेल आणि लेकरूही वाचेल.