व्होल्टेज, करंट, फेज आणि चुंबक: शेतातल्या डीपीपासून खिशातल्या मोबाईलपर्यंत वीज समजून घेऊया

"लाईट आहे, पण व्होल्टेज नाही." धाराशिव जिल्ह्यात कळंब, भूम, परंडा, उमरगा, कुठेही जा, रब्बीच्या दिवसांत हे वाक्य कानावर पडतंच. त्याच्या जोडीला "एक फेज उडालाय", "डीपीवर लोड आलाय", "मोटार जळाली" हेही असतं. आम्ही लहानपणापासून हे शब्द बोलत आलो, पण लाईट असून व्होल्टेज नसतं म्हणजे नेमकं काय, हे विचारलं तर बरेच जण थांबतात.

हे शब्द शाळेच्या पुस्तकात वेगळे आणि शेतात वेगळे असतात. म्हणून या लेखात मी दोन्ही एकत्र देतोय. एकदा समजलं की मोटार जळण्याचं कारण कळतं, चार्जरवरची बारीक अक्षरं वाचता येतात आणि वेळप्रसंगी जीवही वाचतो.

प्रभार म्हणजे काय?

सगळी सुरुवात इथून होते. अणूमध्ये प्रोटॉनवर धन प्रभार असतो आणि इलेक्ट्रॉनवर ऋण. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध प्रभार ओढतात. कोरड्या केसांतून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, ते याच ओढीमुळे. प्रभार मोजायचं एकक कूलोम.

हेच मोठ्या प्रमाणात ढगात होतं. ढगात प्रभार साठत जातो आणि शेवटी हवेतून उडी मारतो. तीच आकाशातली वीज. मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडावर रानात असताना वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. त्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. मोबाईल खिशात असल्यामुळे वीज अंगावर ओढली जात नाही. पण उघड्या रानात एकट्या झाडाखाली उभं राहणं आणि गडगडाट चालू असताना चार्जिंगला लावलेला फोन हातात धरणं, दोन्ही धोक्याचं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोफत आहे, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. घरातल्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ते असायला हवं.

व्होल्टेज: ढकलणारा दाब

पुस्तकातला शब्द विभवांतर, बोलण्यातला व्होल्टेज. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेचा असा दाब म्हणजे व्होल्टेज. एकक व्होल्ट, इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या नावावरून.

काही आकडे लक्षात ठेवा. घड्याळातला सेल 1.5 व्होल्ट, मोबाईलची बॅटरी साधारण 3.8, घरातला प्लग 230, आणि गावाबाहेरून डीपीपर्यंत येणारी लाईन 11,000 व्होल्ट.

विभवांतर या शब्दातलं 'अंतर' महत्त्वाचं आहे. व्होल्टेज नेहमी दोन ठिकाणांमधला फरक असतो. एकाच तारेवर बसलेल्या चिमणीच्या दोन्ही पायांत फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिला काही होत नाही. आपण जमिनीवर उभे असतो, म्हणून तीच तार आपल्याला मारते.

करंट: प्रत्यक्षातला प्रवाह

पुस्तकात विद्युतधारा, एकक अँपिअर. एका सेकंदात एक कूलोम प्रभार वाहिला तर एक अँपिअर. टाकीत दाब आहे पण नळ बंद आहे, तर पाणी वाहत नाही. तसंच प्लगमध्ये व्होल्टेज असतं, पण काही जोडलं नाही तर करंट शून्य.

मोबाईलवर लिहिलेलं 5000 मिलिअँपिअर-अवर म्हणजे ही बॅटरी एक अँपिअरने साधारण पाच तास करंट देऊ शकते. हा साठ्याचा आकडा आहे, वेगाचा नाही. चार्जिंगचा वेग चार्जरच्या वॅटवर ठरतो, आणि तेवढे वॅट घेण्याची फोनची तयारी असेल तरच.

रोध: वाटेतला अडथळा

तार कितीही चांगली असली तरी ती करंटला थोडी अडवते. हा रोध, एकक ओहम. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेला नियम साधा आहे: व्होल्टेज = करंट × रोध.

तार जितकी लांब आणि बारीक, तितका रोध जास्त. तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या 100 मीटर तारेचा रोध साधारण 0.7 ओहम असतो. समजा घराच्या मीटरपासून 100 मीटरवर एक एचपीची सिंगल फेज मोटार आहे आणि ती 6 अँपिअर घेते. जाण्या-येण्याची तार 200 मीटर, म्हणजे रोध 1.4 ओहम. वाटेतच 6 × 1.4 = 8.4 व्होल्ट गळाले. पैसे वाचवायला 1 चौरस मिलिमीटरची तार ओढली, तर रोध 3.4 ओहमवर जातो आणि 20 व्होल्टच्या वर गळती होते. गळालेलं व्होल्टेज तारेत उष्णता बनून जातं.

"लाईट आहे, पण व्होल्टेज नाही" याचा अर्थ आता उलगडेल. लाईनवर मोटारी जास्त झाल्या की तारेतला करंट वाढतो, वाटेतली गळती वाढते आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं व्होल्टेज मिळतं.

वॅट, एचपी आणि युनिट

व्होल्टेज × करंट = शक्ती, एकक वॅट. डीसी उपकरणांना हे सरळ लागू होतं. चार्जरवर "आउटपुट 5 व्होल्ट, 2 अँपिअर" लिहिलंय, म्हणजे 10 वॅट. मोटारीची शक्ती एचपीमध्ये सांगतात. 1 एचपी म्हणजे 746 वॅट.

वॅटला वेळेने गुणलं की ऊर्जा. 1000 वॅट एक तास वापरले की बिलावरचं एक युनिट. 5 एचपीची मोटार 3,730 वॅटचं काम देते. ती आठ तास चालली तर किमान 30 युनिट. आणि मोबाईल? 5000 मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-अवर मावतात. चार्जरमधली गळती धरून 25 धरा. रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी वर्षभरात नऊ-दहा युनिट. त्यामुळे "तुझ्या मोबाईलनं बिल वाढलं" असं घरी कोणी म्हणालं, तर हा हिशोब दाखवा.

एसी, डीसी आणि फेज

बॅटरीतला करंट एकाच दिशेने वाहतो. ती दिष्ट धारा, म्हणजे डीसी. घरातला करंट सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे असे पूर्ण हेलकावे खातो. ती प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी. त्या 50 चं एकक हर्ट्झ. कौडगावच्या सौर प्रकल्पातली पॅनेल डीसी तयार करतात, त्याचं इन्व्हर्टरने एसी करूनच ती वीज लाईनवर जाते. मोबाईलचा चार्जर उलटं काम करतो, 230 व्होल्ट एसीचं कमी व्होल्टचं डीसी.

थ्री फेज म्हणजे तीन तारांतले तीन हेलकावे, एकमेकांच्या एक तृतीयांश फेरी मागे. एका फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, तर दोन फेजमध्ये साधारण 400 व्होल्ट असतात. म्हणून घरच्या उपकरणाला चुकून दोन फेज जोडले गेले की ते जळतं.

चुंबक आणि वीज: एकाच घरातले

1820 मध्ये डेन्मार्कच्या हान्स ओर्स्टेड यांना दिसलं, की करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. म्हणजे करंट चुंबकत्व निर्माण करतो. तार गुंडाळून कॉइल केली आणि आत लोखंड ठेवलं की झाला विद्युतचुंबक. मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यावर 'टक्' आवाज येतो ना? आतल्या कॉइलने लोखंडी पट्टी ओढून घेतल्याचा तो आवाज. लाईट गेली की कॉइलचं चुंबकत्व जातं, पट्टी सुटते आणि मोटार बंद होते.

1831 मध्ये इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे यांनी उलटी बाजू दाखवली. कॉइलजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तर कॉइलमध्ये वीज निर्माण होते. हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्या याच तत्त्वावर चालतात. आपण जिला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मरही असाच: एका कॉइलमधला एसी करंट लोखंडी गाभ्यात बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, ते दुसऱ्या कॉइलमध्ये वीज उपजवतं. वेढे कमी, तर व्होल्टेज कमी. असे 11,000 चे 400 होतात. वायरलेस चार्जिंगमध्येही तेच, एक कॉइल चार्जरमध्ये आणि दुसरी फोनमध्ये.

तुमच्या फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असेल, तर कंपास चालतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप टाका आणि मॅग्नेटोमीटर उघडा. मोकळ्या रानात पृथ्वीचं क्षेत्र 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. आता फोन स्पीकरजवळ न्या, आकडा उसळेल. चुंबकाचं कव्हर असेल तर आधी काढा, नाहीतर कंपास दिशा चुकवतो. साध्या चुंबकाने फोनमधले फोटो मात्र उडत नाहीत, कारण ते चुंबकत्वात नाही, प्रभाराच्या रूपात साठवलेले असतात.

मग मोटार का जळते?

व्होल्टेज कमी झालं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं. म्हणून मोटार जास्त करंट खेचते. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट 1.3 पट झाला, तर उष्णता 1.69 पट. वाइंडिंगवरचा वार्निशचा थर करपतो आणि वेढे आपसात चिकटतात. एक फेज गेला, तर मोटार सुरूच होत नाही, नुसती घुमते आणि तापते.

उपाय तीन आहेत. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरनुसार लावा. फेज गेल्यावर मोटार तोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. मोटारीला कपॅसिटर जोडा, तो चुंबकत्वासाठी लागणारा जादा करंट जागेवरच देतो आणि लाईनवरचा भार हलका होतो. ऑटो स्विच मात्र काढा. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर डीपी कसा तग धरणार?

शॉक: इथे हिशोब चुकवू नका

ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहम धरा. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर. हृदय बंद पडायला याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. घरातला एमसीबी 16 अँपिअरचा असेल, तर त्याला हा करंट कळणारही नाही. तो तार वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी आरसीसीबी असतो. गेलेला आणि परत आलेला करंट यात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लाईन तोडतो. सोबत अर्थिंग नीट हवं.

तुटलेली तार दिसली तर जवळ जाऊ नका, जनावरंही दूर ठेवा आणि 1912 वर फोन करा. कोणी चिकटलं असेल तर आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा, माणसाला हात लावू नका. हा उपाय फक्त घरातल्या 230 व्होल्टपुरता. 11,000 च्या लाईनला लाकूडही अडवू शकत नाही, तिथे लाईन बंद होईपर्यंत लांबच थांबायचं.

आणि चार्जर घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. त्या छोट्या डबीत 230 व्होल्ट आणि तुमचा हात यांच्यामध्ये फक्त आतल्या इन्सुलेशनचा पडदा असतो. तो चांगला असलाच पाहिजे.