पायांच्या धमन्यांतील स्टेंट आणि चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन : एक ऐतिहासिक अवलोकन

मुळशी तालुक्यातील उरवडे गावच्या एखाद्या मधुमेही शेतकऱ्याच्या मांडीच्या धमनीत स्टेंट बसविला गेला आणि काही महिन्यांनी चालताना त्याची पोटरी पुन्हा दुखू लागली, तर स्टेंट आतून बुजला काय, हे पाहणे आवश्यक ठरते. पायात धातू असल्यामुळे एमआरआय करता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. या तंत्राचा इतिहास पाहता खरी अडचण निराळीच असल्याचे दिसते.

धमनीतील अडथळा शस्त्रक्रियेविना दूर करण्याचा आरंभ हृदयापासून नव्हे, तर पायापासून झाला. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका स्त्रीची मांडीतील अरुंद धमनी नलिकेने रुंदावली. तिने पाय कापून घेण्यास नकार दिला होता. 1969 मध्ये डॉटर यांनी कुत्र्यांच्या धमन्यांत तारेची वेटोळी बसवून पाहिली. हुलिओ पाल्माझ यांच्या पोलादी स्टेंटला कटिभागातील धमन्यांसाठी अमेरिकेत 1991 मध्ये मान्यता मिळाली. मांडीची धमनी मात्र वाकते, पिळली जाते, बाहेरून दाबली जाते. तेथे चेपलेले पोलाद पूर्ववत होत नाही. म्हणून निकेल-टिटॅनियमचा लवचिक मिश्रधातू, नितिनॉल, पुढे आला. ही निवड यांत्रिक कारणांसाठी होती; प्रतिमांकनाला तिचा झालेला लाभ आनुषंगिक म्हणावा लागेल.

दुसऱ्या प्रवाहाचा एक धागा मुंबईशी जुळतो. 1951 मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी स्टॅनफर्ड येथे अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत नोंदविले. पुढे धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या संशोधनाचा पाया घातला. त्या संकेतांपासून चित्र घडविण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये मांडली. 2003 मध्ये त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा प्रश्न निर्माण झाला. स्टेंट चुंबकाने ओढला जाईल, ही भीती बहुतेक स्टेंटच्या बाबतीत निराधार ठरली. रोपणानंतर सहा ते आठ आठवडे थांबण्याचा जुना सल्लाही अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2007 च्या निवेदनानंतर मागे पडला. धोका होता तो चुकीच्या निदानाचा. पोलाद आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात विक्षेप घडविते आणि चित्रात काळा पट्टा उमटतो. नितिनॉल तुलनेने सौम्य; तरी धातूची जाळी रेडिओलहरींना आत शिरू देत नाही, त्यामुळे वाहते रक्तही फिके दिसते. मोकळा स्टेंट बुजलेला भासावा, हे रुग्णाला अनावश्यक फेरउपचाराकडे नेणारे आहे. सुदैवाने, उताण्या निजलेल्या रुग्णाच्या पायातील स्टेंट यंत्राच्या मुख्य क्षेत्राला बहुधा समांतर असतो आणि त्या स्थितीत विक्षेप कमी होतो.

रक्त उजळ दिसावे म्हणून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले जाते. 2006 मध्ये, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांतील त्वचा ताठरविणाऱ्या विकाराशी त्याचा संबंध उघड झाला. पायांच्या धमन्यांचे अनेक रुग्ण मधुमेही असतात आणि मधुमेहींची मूत्रपिंडे पुष्कळदा दुबळी असतात; म्हणजे ज्यांना तपासणी हवी त्यांच्यासाठीच द्रव्य जोखमीचे. नंतर अधिक स्थिर रेणुरचनेची द्रव्ये प्रचारात आल्याने ही जोखीम बरीच घटली. मधुमेहाचा प्रश्न पुणे परिसराला परका नाही. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला माता-पोषणाचा अभ्यास याच दिशेचा आहे.

या मर्यादांमुळे स्टेंटच्या पाठपुराव्यात पहिला मान डॉपलर सोनोग्राफीलाच राहिला. ती स्वस्त आहे, सुईविना होते, आणि जाळीतून वाहणाऱ्या रक्ताचा वेग मोजते. पोटापासून घोट्यापर्यंतचा सारा मार्ग एकत्र पाहायचा असेल तेथे एमआरआयचे मोल अधिक. तथापि उरवड्याच्या त्या रुग्णाच्या कागदपत्रांत स्टेंटचा धातू, लांबी आणि जागा नोंदलेली नसेल, तर समोरचा काळा पट्टा धातूचा की गुठळीचा, हे वाचणाऱ्या तज्ज्ञाला केवळ त्या चित्रावरून सांगणे कठीण जाते.