शहाद्याचा ऊस कुणाच्या जमिनीवर उभा आहे?

आज जाऊया नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला. तापीकाठची काळी जमीन, ऊस, केळी, पपई. आधुनिक शेती म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, ते सगळं इथं आहे. पण ही जमीन आधी कुणाची होती, हे आपण सहसा विचारत नाही.

यातली बरीचशी जमीन भिल आदिवासींची. अडचणीला सावकाराकडून धान्य-पैसा उचलायचा, व्याज चढायचं आणि शेवटी शेतच जायचं. मग विहिरींवर मोटारी बसल्या, संकरित बियाणं आलं, रासायनिक खत आलं. पुढे पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना उभा राहिला. बागायती जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि मूळ मालक त्याच शेतात सालदार झाला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी.

याविरुद्ध उभा राहिला अंबरसिंग सुरतवंती हा भिल तरुण. १९७२ मध्ये, ऐन दुष्काळाच्या साली, शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. मागण्या साध्या होत्या: गेलेली जमीन परत द्या, मजुरी रास्त द्या. बायाही मागे राहिल्या नाहीत. त्यांनी गावोगावचे दारूचे गुत्ते फोडले. अंबरसिंग १९७४ मध्ये वारले, तरुणपणीच. त्याच सालच्या राज्याच्या कायद्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याची तरतूद केली. काही जमिनी परत मिळाल्याही.

पण गोष्ट इथं संपत नाही. आजही दिवाळीनंतर इथली आदिवासी कुटुंबं कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सिस्टीम फास्ट झाली की टाळ्या पडतात. सगळा लोड कुणावर टाकला होता, ते सर्व्हर बसल्यावरच कळतं. शेतीचंही तसंच. उत्पादन वाढलं, हे खरंच आहे, आणि त्याची गरजही होती. पण शेती टिकेल का, हे विचारताना आपण माती आणि पाणी तपासतो. तिच्यात राबणारा माणूस तिच्यावर जगू शकतो का, हे कोण तपासणार?

सुरुवात घरापासून करा. आपल्या शेताचे जुने फेरफार काढून वाचा. कुणाचं नाव कधी कमी झालं, ते तिथं लिहिलेलं असतं.