वर्गासाठी जन्मलेला पडदा

२००५ ते २०१२ या काळात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येई. वीस इंची जुना टीव्ही काढून भिंतीवर बेचाळीस इंची चपटा प्लाझ्मा टीव्ही लावला. दुकानात चित्र कसे लख्ख दिसत होते, घरी मात्र ते जुन्या टीव्हीपेक्षाही पुसट दिसते. कोणी दुकानदाराला दोष देई, कोणी केबलवाल्याला. खरे पाहता या तक्रारीचे उत्तर आठवी-नववीच्या भूमितीत आहे. ते शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे, १९६४ सालापर्यंत जावे लागेल.

एकच वर्ष, दोन ठिकाणे

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून ‘प्लेटो’ नावाचा एक प्रकल्प चालू होता. संगणकाच्या मदतीने विद्यार्थ्यांना शिकवणे हा त्याचा उद्देश. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर एक पडदा हवा होता. पण त्या काळी पडदा म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब. तिच्यावर उमटलेले चित्र क्षणार्धात विझते, म्हणून ते सेकंदाला अनेक वेळा पुन्हा काढावे लागते. त्यासाठी चित्र कुठेतरी साठवून ठेवायला हवे, आणि संगणकाची स्मृती तेव्हा फार महाग होती. शंभर विद्यार्थी म्हणजे शंभर पडद्यांची स्मृती! हा खर्च कोणत्याही शाळेला परवडला नसता.

डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये यावर जो उपाय काढला, तोच प्लाझ्मा पडदा. तो दिवाणखान्यासाठी नव्हे, तर वर्गासाठी जन्मला, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

त्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्यानंतर जपानच्या ‘एनएचके’ या प्रक्षेपण संस्थेतील संशोधकांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. टीव्हीचे चित्र खिडकीतून पाहिल्यासारखे न वाटता आपण प्रत्यक्ष मैदानात बसलो आहोत असे वाटावे, यासाठी ते केवढे असावे? उत्तर निघाले ते असे: चित्राने डोळ्यासमोरचा सुमारे तीस अंशांचा कोन व्यापायला हवा, म्हणजेच रुंद पडदा घेऊन त्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायला हवे. पण इतक्या जवळून बघायचे तर चित्रातल्या आडव्या रेषा दिसू नयेत म्हणून त्या हजाराच्या वर हव्यात. यातूनच हाय-डेफिनिशनची कल्पना पुढे आली.

जपानला मोठे चित्र हवे होते. पण काचेची पिक्चर ट्यूब मोठी करावी तसतसे तिचे वजन आणि खोली वाढत जाते, कारण आतल्या निर्वातामुळे बाहेरच्या हवेचा दाब सोसायला काच जाड लागते. चपटा पडदा वर्गासाठी तयार झालेला होताच. अशा रीतीने दोन वाटा एकत्र आल्या.

आठवण ठेवणारी काच

प्लाझ्मा पडद्याची रचना समजायला सोपी आहे. दोन काचांच्या मध्ये हजारो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑनसारखा निष्क्रिय वायू भरलेला असतो. विद्युतदाब दिला की वायूतील अणूंचे आयन होतात, वायू प्लाझ्मा अवस्थेत जातो आणि प्रकाश देतो. दुकानांच्या निऑन पाट्यांत हेच घडते.

खरी गंमत पुढे आहे. कप्प्याच्या काचेवर विद्युतभार साचतो. बाहेरून दिलेला प्रत्यावर्ती विद्युतदाब एकटा विझलेला कप्पा पेटवण्याइतका मोठा नसतो. पण आधी पेटलेल्या कप्प्यातला साचलेला भार त्यात मिळवला जातो आणि तो कप्पा पुन्हा पेटतो. विझलेला मात्र विझलेलाच राहतो. म्हणजे पेटायचे की नाही, हे काच स्वतःच लक्षात ठेवते! वेगळ्या स्मृतीची गरजच उरली नाही. पुढे १९७० च्या दशकात प्लेटोच्या विद्यार्थ्यांसमोर ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे नारिंगी पडदे आले.

रंगासाठी आणखी एक पायरी लागली. निऑनमध्ये झेनॉन मिसळला की अतिनील किरण मिळतात. ते कप्प्याच्या आतल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या फॉस्फरवर पडले की दृश्य प्रकाश बाहेर येतो. घरातल्या ट्यूबलाइटचेही तत्त्व हेच, फक्त तिच्यात पाऱ्याची वाफ असते. जपानच्या फुजित्सु कंपनीत त्सुताए शिनोदा यांनी या कामात मोठा वाटा उचलला. १९९२ मध्ये एकवीस इंची रंगीत पडदा आला आणि त्यानंतर काही वर्षांतच बेचाळीस इंची पडदा बाजारात उतरला. पूर्ण हाय-डेफिनिशन पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू असतात. प्रत्येकात तीन कप्पे धरले तर ६२ लाखांहून अधिक छोट्या ट्यूबलाइट झाल्या.

वरळीहून बोरिवलीपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. उपनगरांतील इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना उभे राहिले. घरात लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही असे. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट पाहायला निम्मी चाळ त्याच्यासमोर जमे. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे. त्यांपैकी प्रत्यक्ष पडद्यावर दिसणाऱ्या ५७६.

त्या काळी अनेक घरांत चित्राच्या उजवीकडे त्याचीच एक फिकट छाया दिसे. हा परावर्तनाचा उत्तम धडा आहे. वरळीहून एक लहर सरळ येई, दुसरी एखाद्या उंच इमारतीवर किंवा टेकडीवर आपटून येई. दुसरीला ३०० मीटर जास्त अंतर तोडावे लागले, तर ती एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते. चित्राची एक रेषा सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते. वीस इंची टीव्हीच्या पडद्याची रुंदी सुमारे ४१ सेंटिमीटर. म्हणून छाया सुमारे आठ मिलिमीटर सरकलेली दिसेल. पट्टीने छाया मोजावी आणि लहर किती लांबून फिरून आली ते सांगावे, इतके हे सरळ आहे.

१९८२ मध्ये रंग आले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबलच्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेल्या. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसाठी ॲनालॉग केबल बंद करून सेट-टॉप बॉक्स लावण्याची मुदत होती. वाहिन्या दोनावरून शेकडोंवर गेल्या. पण साध्या वाहिनीच्या रेषा १९७२ मध्ये ५७६ होत्या आणि २०१२ मध्येही ५७६ च राहिल्या. दूरदर्शनने हाय-डेफिनिशन प्रक्षेपण केले ते २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. तोपर्यंत मोठा पडदा अनेक घरांत पोचला होता, त्याला साजेसे चित्र मात्र पोचले नव्हते.

आलेख-कागदावरचा प्रयोग

आता मूळ तक्रारीकडे वळू. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनाचा तपशील ओळखता येतो. एखादी वस्तू तिच्या आकाराच्या ३४३८ पट अंतरावर ठेवली की ती डोळ्याशी एक कला कोन करते.

हे वर्गात करून पाहता येईल. आलेख-कागदावर एकाआड एक मिलिमीटरची पट्टी काळी रंगवा. कागद फळ्यावर लावा आणि मुलांना हळूहळू मागे जायला सांगा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिसळून राखाडी दिसू लागल्या की तेथे खडूने खूण करा. गणिताप्रमाणे हे अंतर ३.४ मीटर येते; मुलांच्या खुणा त्याच्या पुढेमागे पडतील. एखाद्या मुलाची खूण फारच अलीकडे पडली, तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत. प्रयोगाचा हाही एक फायदा.

आता हेच टीव्हीला लावू. वीस इंची जुन्या टीव्हीच्या पडद्याची उंची ३०.५ सेंटिमीटर. तिला ५७६ ने भागले की एक रेषा ०.५३ मिलिमीटरची. तिच्या ३४३८ पट म्हणजे १.८ मीटर, सुमारे सहा फूट. त्याहून लांब बसले की रेषा दिसत नाहीत आणि चित्र सलग वाटते. बेचाळीस इंची रुंद पडद्याची उंची ५२.३ सेंटिमीटर. त्यावर तेच ५७६ रेषांचे चित्र ताणले, तर रेषा मिसळायला ३.१ मीटर, म्हणजे दहा फुटांवर बसावे लागेल.

उपनगरातली दहा फूट बाय बारा फूट खोली डोळ्यांसमोर आणा. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला दिवाण. बघणाऱ्याचे अंतर फार तर आठ फूट. जुना टीव्ही या खोलीत बरोबर बसत होता. नव्या टीव्हीसाठी खोलीच दोन फूट कमी पडत होती! चित्र बिघडले नव्हते. त्याचे दोष आता डोळ्याला दिसू लागले होते, एवढेच. दुकानात मात्र अस्सल हाय-डेफिनिशन चित्र लावलेले असे.

याच गणितातून खरेदीचा दुसरा प्रश्नही सुटतो. बेचाळीस इंची प्लाझ्मात दोन प्रकार मिळत: ७६८ ओळींचा स्वस्त आणि १०८० ओळींचा महाग. पहिल्याच्या ओळी २.३ मीटरवर, म्हणजे पावणेआठ फुटांवर मिसळतात. दुसऱ्याच्या साडेपाच फुटांवर. आठ फुटांवर बसणाऱ्याला दोन्ही सारखेच. दुकानात तीन फुटांवर उभे राहून जो फरक दिसे, त्याचे जादा पैसे मोजून तो घरी कधीच दिसत नसे.

खरेदी करताना विजेचाही हिशेब हवा होता. प्लाझ्मात प्रत्येक कप्पा स्वतः उजळतो, म्हणून उजळ चित्राला जास्त आणि अंधाऱ्या चित्राला कमी वीज लागते. सरासरी ३०० वॅट आणि रोज पाच तास धरले, तर महिन्याला ४५ युनिट. ७५ वॅटच्या जुन्या टीव्हीला तितक्याच वेळात ११ युनिट पुरत. याउलट गडद काळा रंग आणि वेगवान हालचाल दाखवण्यात प्लाझ्मा त्या काळच्या एलसीडीपेक्षा सरस होता. मात्र क्रिकेटच्या धावफलकासारखे एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर तिथला फॉस्फर लवकर थकून त्याची छाया कायमची उमटण्याची भीती असे.

शेवटी कप्पे आणखी लहान करणे अवघड आणि खर्चाचे ठरत गेले, एलसीडी स्वस्त व मोठे होत गेले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजी यांनी २०१४ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवले.

शेवटचा बाक

प्लाझ्मा गेला, पण भूमिती राहिली. आज शाळाशाळांत पासष्ट इंची ‘फोर-के’ पडदे बसवले जात आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत २१६० ओळींचा आकडा ठळक असतो. या पडद्याची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, म्हणून एक ओळ ०.३८ मिलिमीटरची. ती दिसण्यासाठी विद्यार्थ्याने सव्वा मीटरच्या आत बसायला हवे. शेवटचा बाक तर सहा मीटरवर असतो!

त्या बाकावरच्या मुलाला अक्षर ओळखता यायचे, तर ते निदान पाच कलांचे, म्हणजे जवळपास नऊ मिलिमीटर उंच हवे. आरामात वाचायचे तर त्याच्या दुप्पट, आणि काना-मात्रा-अनुस्वार असलेल्या देवनागरीसाठी त्याहूनही थोडे मोठे. हे काम १०८० ओळींचा पडदाही करू शकतो, आणि जाहिरातीतला सर्वांत महाग पडदाही बारीक अक्षरांपुढे हात टेकतो. शाळेसाठी पडदा निवडण्याची वेळ आली, तर किंमतपत्रक उघडण्याआधी मोजपट्टी घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसावे, असे आम्ही सुचवू.