कोण? कसा? : मधुमालतीच्या नावाची गोष्ट

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात पश्चात्तापदग्ध दुष्यंत माधवीमंडपात येऊन बसतो. हा अंक शिकवताना आम्ही कित्येक वर्षे वर्गाच्या खिडकीबाहेरच्या मधुमालतीकडे बोट दाखवीत आलो. ती चूक होती, हे येथे कबूल केलेले बरे. माधवी म्हणजे आपल्याकडची हळदवेल. पांढऱ्या फुलाच्या एका पाकळीवर पिवळा डाग असलेली, तीन पंखांच्या फळांची. मधुमालती निराळी, हिरडा-बेहड्याच्या कुळातली. ही गल्लत बंगालीतही आहे. तिथे हिला सर्रास माधवीलता म्हणतात, आणि मधुमंजरी हे तिचे स्वतंत्र नाव रवींद्रनाथांशी जोडले जाते.

तिच्या लॅटिन नावाची कथा मात्र याहून विलक्षण आहे. जर्मनीत १६२७ साली जन्मलेला रुम्फियस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत अंबोन बेटावर आला आणि तिथल्या वनस्पतींचा कोश रचू लागला. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि लेक दगावली. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली. १६९२ मध्ये हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी बुडवले. नक्कल करून ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. रुम्फियस १७०२ मध्ये वारला, आणि ग्रंथ छापला जाऊ लागला १७४१ पासून!

या ग्रंथात मधुमालतीचे नाव आहे ‘क्विस क्वालिस’, म्हणजे ‘कोण? कसा?’. मलाय भाषेत वेलीला ‘उदानी’ म्हणत. त्याच्याशी मिळताजुळता डच शब्द ‘हूडानिख’, अर्थ ‘कसा’. त्याचे हे लॅटिन. तीन भाषांतून घरंगळत आलेला श्लेष! लिनिअसने १७६२ मध्ये तो तसाच स्वीकारला. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेल ‘कोंब्रेटम’ प्रजातीत घातली आणि अधिकृत नावातला प्रश्न गेला. आम्हांला याची हळहळ वाटते.

कारण तो प्रश्न वेलीला शोभत होता. लहानपणी ती झुडपासारखी उभी वाढते, मग आधार शोधत वेल होते. फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. पांढऱ्यावर लांब सोंडेचे निशाचर पतंग येतात; रंग चढलेल्यांवर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे. एकाच घोसात तिन्ही रंग लोंबत असतात.

आता सहावा अंक आला की आम्ही आधी हळदवेलीचे चित्र दाखवतो, आणि मग खिडकी उघडतो.