आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते? पुस्तक लिहायचंय? माहिती अशी शोधा

‘आमचे आजोबा इटलीत लढले होते.’ रायगड जिल्ह्यातल्या अनेक घरांत हे वाक्य ऐकायला मिळतं. पण त्यावर पुस्तक लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न अडतो. नेमकं कुठे? आणि कधी?

आधी पलटण शोधा

फक्त ‘मराठा रेजिमेंट’ एवढं पुरेसं नाही. तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला होती. चौथी १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी लढली. तिसरी त्याच वर्षी इटलीत होती. म्हणजे बटालियनचा आकडा चुकला, तर आजोबांचा खंडच बदलतो.

हा आकडा आणि शिपाई क्रमांक डिस्चार्जच्या किंवा पेन्शनच्या कागदांवर सापडू शकतो. पदकंही बोलतात. इटली स्टार, आफ्रिका स्टार आणि बर्मा स्टार ही त्या त्या आघाडीची पदकं आहेत.

एक उदाहरण: यशवंत घाडगे

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघालं की माणगाव लागतं. याच तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगेंनी एकट्याने मशीनगनची चौकी घेतली. नंतर शत्रूच्या गोळीने ते पडले. वय होतं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे आपल्याला आज इतकं तपशिलात माहीत आहे, कारण पदकाचं मानपत्र ‘लंडन गॅझेट’मध्ये छापलं गेलं. ते ऑनलाइन मोफत वाचता येतं. पदक न मिळालेल्या हजारो जवानांसाठी मात्र आपल्यालाच शोधावं लागतं.

कुठे शोधायचं?

• कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट: युद्धात मरण पावलेल्यांची नावं इथे मोफत शोधता येतात. जिवंत परतलेले इथे सापडणार नाहीत.

• वॉर डायरी: बटालियनची रोजची नोंद. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या वॉर डायरी आहेत. यादी ऑनलाइन पाहता येते.

• अभिलेख पटल: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल.

• बेळगाव: मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर.

शोधताना जुनी नावं वापरा

तेव्हा रायगड नव्हतं, कुलाबा जिल्हा होता. इंग्रजीत ‘मराठा’चं स्पेलिंगही वेगळं होतं. आडनाव दोन-तीन स्पेलिंगने टाकून पाहा.

आठवण की पुरावा?

दोन्ही लागतं. डायरी सांगते पलटण कुठे होती. तिथे थंडीत काय खाल्लं, घरी पत्र कसं लिहिलं, हे घरच्याच लोकांना माहीत असतं. पण तेव्हाचा विशीतला जवान आज शंभरीत आहे. त्यामुळे आजीचं, मोठ्या आत्याचं बोलणं आजच रेकॉर्ड करा. आणि माळ्यावरची ती पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडा.