उदगीर : एक तालुका, तीन जिल्हे

जिल्हा ही महसुलाच्या सोयीसाठी केलेली रचना. पण तिच्या रेषा माणसाच्या ओळखीत किती खोल उतरतात, हे पाहायचे असेल तर बालाघाटाच्या पठारावरील उदगीरकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकाला उदगीर आठवते ते १७६० च्या लढाईमुळे. सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाचा पराभव केला आणि वर्षभराच्या आतच पानिपत घडले. पानिपतावर मराठीत कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली. उदगीर मात्र त्या शोकांतिकेच्या प्रस्तावनेपुरतेच उरले. गावातला भुईकोट किल्ला आजही उभा आहे, आणि त्याच्या आत उदागीर बाबांचे स्थान आहे. गावाचे नाव त्यांच्यावरून पडले, असे लोक सांगतात.

त्या लढाईनंतरही हा मुलूख अखेर निजामाच्याच राज्यात राहिला. हैदराबाद संस्थानात उदगीर हा बीदर जिल्ह्याचा तालुका होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारे राज्यांची पुनर्रचना झाली आणि बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले : उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, नारायणखेड व जहीराबादकडचा भाग आंध्रात गेला, आणि बीदर शहर म्हैसूर राज्यात राहिले. उदगीर मग उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात गेले, आणि १९८२ साली नवा लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. पुढे याच तालुक्यातून देवणी व जळकोट वेगळे झाले. देवणी म्हणजे ज्या गावाच्या नावाने गाई-बैलांची एक जात ओळखली जाते, ते.

प्रश्न असा, की या प्रदेशाच्या वाङ्मयाचा इतिहास आपण कोणत्या नकाशावर लिहितो? आजच्या लातूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर उदगीरचा बीदरशी असलेला शतकांचा संबंध पुसला जातो. उर्दू, कन्नड, तेलुगू यांच्या सहवासात घडलेली इथली मराठी मग केवळ 'सीमेवरची', म्हणजे जरा कमअस्सल ठरते. वस्तुतः १९५६ पूर्वी येथे राज्याची सीमाच नव्हती. सीमा नंतर आली. बोली आधीपासून होती.

२०२२ साली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगिरात भरले, ही आनंदाची गोष्ट. परंतु संमेलन तीन दिवसांत संपते. अभ्यासकाला मात्र उदगीर समजून घ्यायचे तर लातूरबरोबर धाराशिव, बीदर आणि हैदराबाद येथील दप्तरेही उघडावी लागतील, आणि त्यासाठी मराठीच्या जोडीला उर्दूही शिकावी लागेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ही वाट धरली, तर पानिपताच्या सावलीतून हे गाव बाहेर येईल.